खाली म्हणजे कुठं?

बसचा हीटर धड असता तर अमेरिकी गायक बडी हॉली त्या विमानात बसलाच नसता.

१९५९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत ‘विंटर डान्स पार्टी’ नावाचा एक संगीत दौरा निघाला होता. चोवीस दिवसांत चोवीस गावं. मुक्काम इतके उलटसुलट आखलेले, की आखणाऱ्यानं नकाशा उघडून तरी पाहिला होता का अशी शंका यावी. आज उत्तरेला शेकडो किलोमीटर, उद्या तेवढेच दक्षिणेला, परवा पुन्हा उत्तरेला. बसगाड्या जुनाट, वाटेत बंद पडणाऱ्या. थंडी हाडं गोठवणारी. विस्कॉन्सिनमध्ये एका रात्री बस रस्त्यातच बसली, तेव्हा हॉलीचा ड्रमर कार्ल बंच याच्या पावलांना हिमदंश झाला आणि त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. पुढचा दौरा बाकीच्यांनी आळीपाळीनं ड्रम वाजवून रेटला.

२ फेब्रुवारीला कार्यक्रम होता आयोवा राज्यातल्या क्लिअर लेक या गावी, सर्फ बॉलरूममध्ये. पुढचं गाव मिनेसोटातलं मूरहेड, जवळजवळ सहाशे किलोमीटरवर. त्याच बसमध्ये आणखी एक रात्र काढण्याची कल्पनाच हॉलीला नकोशी झाली. जवळच्या मेसन सिटी विमानतळावरून एक छोटं विमान भाड्यानं घ्यायचं, नदीपलीकडच्या फार्गोला उतरायचं, कपडे धुवायला टाकायचे आणि चार तास नीट झोपायचं, एवढीच त्याची इच्छा. वय बावीस. माणशी भाडं ३६ डॉलर. वैमानिक धरून चार जागा. हॉलीच्या वाद्यवृंदातल्या वेलन जेनिंग्जनं आपली जागा ‘बिग बॉपर’ या नावानं गाणाऱ्या जे. पी. रिचर्डसनला दिली, कारण त्याला फ्लूनं बेजार केलं होतं. गिटारवादक टॉमी ऑलसप आणि सतरा वर्षांचा गायक रिची वॅलेन्स यांनी उरलेल्या जागेसाठी नाणं उडवलं. वॅलेन्स जिंकला.

या नाण्यावर आणि त्या जागेच्या अदलाबदलीवर आजवर भरपूर लिहून झालं आहे. १९७१ साली डॉन मॅक्लीनच्या ‘अमेरिकन पाय’ या गाण्यानं त्या दिवसाला दंतकथेचं रूप दिलं, आणि दंतकथेला दैव आवडतं. आपल्याला मात्र चौथ्या माणसाकडे पाहायचं आहे. तो गात नव्हता. त्याचं नाव रॉजर पीटरसन, वय एकवीस. तो विमान चालवत होता.

रात्री बारा वाजून पंचावन्न मिनिटांनी, म्हणजे ३ तारीख लागल्यावर, विमान दक्षिणेकडे तोंड करून उडालं, डावीकडे वळलं आणि वायव्येला निघालं. विमानसेवेचा मालक मनोऱ्याबाहेरच्या सज्ज्यावर उभा राहून शेपटीचा दिवा पाहत होता. पाचेक मिनिटं तो दिवा नीट जाताना दिसला. मग हळूहळू खाली उतरत दिसेनासा झाला. उड्डाणाचा आराखडा हवेत गेल्यावर रेडिओवरून कळवतो असं पीटरसन सांगून गेला होता. तो कळवलाच नाही. मनोऱ्यातून हाका मारल्या, उत्तर नाही. सकाळी मालक स्वतः दुसरं विमान घेऊन त्याच वाटेनं शोधायला निघाला, आणि साडेनऊच्या सुमाराला त्याला विमानतळापासून अवघ्या आठ किलोमीटरवर, एका मक्याच्या शेतात, कुंपणाला जाऊन अडकलेला धातूचा गोळा दिसला. चौघांपैकी कुणीही वाचलं नव्हतं.

हिवाळ्यातली रात्र, भाड्याचं छोटं विमान, हिमवर्षाव. इंजिन बंद पडलं असेल, पंखांवर बर्फ साचलं असेल, असंच कुणालाही वाटेल. पण त्या गोळ्यातून तपास करणाऱ्यांना जे मिळालं ते वेगळंच होतं. इंजिन शेवटपर्यंत चालू होतं. हवेत असताना विमानाचा कुठलाही भाग निखळला नव्हता. वेगाचा काटा ताशी सुमारे २७० किलोमीटरवर अडकला होता. उंचीच्या बदलाचा काटा मिनिटाला तीन हजार फुटांची घसरण दाखवत होता. आणि विमानाचा कल दाखवणारं यंत्र ज्या स्थितीत गोठलं होतं, त्यात विमान उजव्या अंगावर पुरतं आडवं झालेलं आणि नाक खाली असं दिसत होतं. उजव्या पंखाचं टोक आधी जमिनीला लागलं होतं. म्हणजे एक धडधाकट विमान, पूर्ण ताकदीनिशी, कुशीवर वळलेल्या अवस्थेत जमिनीत शिरलं. वैमानिक शुद्धीवर असणार. मग त्याला आपण आडवे झालो आहोत हे कळलं कसं नाही?

वैमानिकी शिकलेल्याला हा प्रश्न भाबडा वाटतो, आणि न शिकलेल्याला त्याचं उत्तर अविश्वसनीय वाटतं. उत्तर असं: डोळे मिटले, तर खाली कुठं आहे हे माणसाच्या शरीराला खात्रीनं कळत नाही.

जमिनीवर कळतं, कारण जमिनीवर आपण फार काळ आणि फार वेगानं वळत नाही. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींना काटकोनात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव जागच्या जागी रेंगाळतो, आणि त्या फरकामुळे आतले सूक्ष्म केस वाकतात. ‘वळलो’ ही बातमी मेंदूला पोहोचते ती अशी. बातमी चांगली, पण तिच्यात दोन खोटी आहेत. वळणं अगदी सावकाश सुरू झालं, सेकंदाला साधारण दोन अंशांहून कमी, तर केस हलतच नाहीत. आणि वळणं एकाच गतीनं दहा-वीस सेकंद चालू राहिलं, तर द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो, केस सरळ होतात, आणि मेंदू समजतो की आपण सरळ चाललो आहोत. फुगडी घालून थांबलेल्या पोरींना उलट्या दिशेनं गरगरतं ते याच कारणानं. त्या थांबतात, द्रव थांबत नाही. पोरींना निदान समोर अंगण दिसत असतं, धरायला भिंत असते.

वजनाचं काय? आपलं वजन बुडाखाली जाणवतंच ना? तेही फसवतं. विमान नीट वळवलं, तर वळणाचा जोर आणि गुरुत्वाकर्षण मिळून जो ओढा तयार होतो तो सरळ विमानाच्या जमिनीकडे, आसनाच्या दिशेनंच असतो. कप कलंडत नाही, चहा सांडत नाही. बॉब हूव्हर हा अमेरिकी वैमानिक प्रात्यक्षिकात विमान पूर्ण गोल फिरवता फिरवता ग्लासात आइस टी ओतून दाखवत असे, एक थेंबही बाहेर न पडू देता. लोक त्याच्या हातावर टाळ्या वाजवत. खरं म्हणजे ती आपल्या सगळ्यांच्या शरीराची फजिती होती, कारण त्या विमानात बाहेर न पाहता बसलेल्याला आपण उलटे झालो होतो हे ग्लासाकडे पाहून कधीच कळलं नसतं.

आता हे दोन्ही एकत्र करा. काळोख, ढग किंवा बर्फ, बाहेर क्षितिज नाही. विमान अगदी हळूच एका बाजूला कलतं. वैमानिकाला ते जाणवत नाही. कललेलं विमान वळू लागतं, आणि वळणारं विमान उंची गमावतं. वेग वाढल्याचा आवाज येतो, उंचीचा काटा उतरताना दिसतो. सरळ उडत असताना उंची कमी झाली तर काय करायचं? सुकाणू स्वतःकडे ओढायचं. वैमानिक तेच करतो. पण विमान सरळ नाही, कुशीवर आहे, त्यामुळे ओढल्यानं ते वर न जाता आणखी आवळून वळतं. उंची आणखी घटते. तो आणखी ओढतो. या मळसूत्री घसरणीला इंग्रजी बोलणारे वैमानिक स्मशानाचं नाव जोडूनच ओळखतात. हिचा क्रूर भाग असा की मध्येच एखाद्याला सुचलं आणि त्यानं विमान खरोखर सरळ केलं, तर त्याचा कान सांगतो, तू उलट्या बाजूला कलंडलास. आणि तो कानावर विश्वास ठेवून पुन्हा पहिल्या वळणात शिरतो.

हे माहीत नव्हतं असं नाही. १९२६ साली विल्यम ऑकर या अमेरिकी लष्करी वैमानिकाला वैद्यकीय तपासणीत फिरत्या खुर्चीवर बसवलं. डोळे झाकून खुर्ची फिरवली, थांबवली, आणि कुठल्या बाजूला फिरतो आहेस असं विचारलं. त्याचं उत्तर साफ चुकलं. दुसरा कुणी हसून उठला असता. ऑकरनं मात्र त्याच खुर्चीवर वळण दाखवणारं यंत्र हातात घेऊन पुन्हा बसून दाखवलं, आणि यंत्र पाहिलं की उत्तर चुकत नाही हे सिद्ध केलं. पुढचं बरंच आयुष्य त्यानं आपल्याच बिरादरीला हे पटवण्यात घालवलं. बिरादरीला ते रुचणारं नव्हतं, कारण चांगला वैमानिक तो ज्याला विमान बुडाखाली ‘कळतं’, ही त्या काळाची अभिमानाची व्याख्या होती. २४ सप्टेंबर १९२९ ला न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटलनं कॉकपिटवर झाकण ओढून, बाहेरचं काहीही न पाहता, केवळ यंत्रांच्या आधारानं विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं. स्पेरी कंपनीचं कृत्रिम क्षितिज त्याच्या समोर होतं. त्यानंतर यंत्रं हीच अंधारातली दृष्टी ठरली. अट एकच, ती वाचता यायला हवीत, आणि शरीर ओरडत असताना त्यांच्यावर विसंबायची सवय हवी.

ही सवय नसली तर किती वेळ मिळतो, हे १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात मोजलं गेलं. यंत्रांवर उडण्याचा अनुभव नसलेले वीस वैमानिक निवडले, शेजारी प्रशिक्षक बसवला, हवेत नेलं, आणि बाहेरचं दिसणं बंद केलं. वीसपैकी वीस जणांच्या हातून विमानाचा ताबा सुटला. एकोणीस जण त्या मळसूत्री घसरणीत गेले, विसावा विमान इतकं वर ओढून बसला की पंखांना तोलून धरणारी हवाच उरेना. सर्वांत लवकर हरला तो वीस सेकंदांत. सर्वांत चिवट माणूस आठ मिनिटं टिकला. सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत. आणि प्रयोगासाठी निवडलेलं विमान होतं बीचक्राफ्ट बोनान्झा.

बडी हॉलीनं भाड्यानं घेतलेलं विमानही बोनान्झाच, १९४७ सालचं. हे विमान देखणं आणि वेगवान. शेपटीला नेहमीचे तीन पंख नाहीत, इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोनच. बेतानं उडणाऱ्या हौशी लोकांच्या मानानं ते अंमळ जास्तच चपळ होतं. नाक जरा खाली गेलं की वेग झपाट्यानं चढे. पैसेवाले डॉक्टर-वकील ते हौसेनं विकत घेत आणि स्वतः चालवत, त्यामुळे डॉक्टरांना मारणारं विमान असं त्याचं टोपणनावच पडलं होतं. विमानाचा त्यात फारसा दोष नव्हता. पैसा अनुभवापेक्षा लवकर जमतो, एवढंच.

पीटरसन मात्र हौशी नव्हता. व्यावसायिक परवाना, ७११ तासांचं उड्डाण, त्यातले १२८ तास बोनान्झावरच. तो इतरांना उडायला शिकवतही असे. यंत्रांवर उडण्याचं शिक्षण त्यानं बावन्न तास घेतलं होतं, लेखी परीक्षा पास झाला होता. पण १९५८ च्या मार्चमध्ये प्रत्यक्ष उड्डाणाच्या परीक्षेत नापास झाला होता. ज्या विमानसेवेत तो नोकरी करत होता तिलाही फक्त बाहेर पाहून उडण्याचीच परवानगी होती. म्हणजे कागदावर हिशेब साधा होता: क्षितिज दिसेल तोवर उडायचं, नाहीसं होणार असेल तर निघायचंच नाही.

तो बेफिकीर होता असंही म्हणता येत नाही. संध्याकाळपासून त्यानं हवामानाची अनेकदा चौकशी केली. मध्यरात्रीच्या आधी मालकाला बरोबर घेऊन तो स्वतः हवामान कक्षात गेला. ढगांचं छत सहा हजार फुटांवर, दृष्टी लांबवर पोहोचते, फार्गोला पहाटे हलका हिमवर्षाव, असं चित्र त्याला मिळालं. वाईट नव्हतं. पण त्याच रात्री ११:३५ ला आणि १२:१५ ला दोन तातडीच्या सूचना प्रसारित झाल्या होत्या. एकीत उत्तरेकडून सरकणारा, सुमारे शंभर मैल रुंदीचा हिमवर्षावाचा पट्टा होता, दुसरीत आयोवाच्या बहुतेक भागावर ढगांमध्ये बर्फ धरण्याचा इशारा. त्या कुणी त्याला वाचून दाखवल्या नाहीत. त्यानं विचारलं तेवढ्याचं उत्तर मिळालं. सरकारी खिडकीवर काम करणाऱ्या माणसाची ही सवय आपल्याला अमेरिकेत जाऊन शिकावी लागत नाही. विमान धावपट्टीकडे निघालं तोवर छत तीन हजार फुटांवर आलं होतं, बर्फ भुरभुरू लागलं होतं आणि वारा झोत मारत होता. बाहेर जिकडेतिकडे बर्फानं झाकलेली शेतं, फार थोडी घरं, त्याहून थोडे दिवे. वर पांढरट काळोख, खाली पांढरट काळोख. नियमानुसार तो अजूनही ‘बाहेर पाहूनच’ उडत होता. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा तो यंत्रांकडे वळला असणार, आणि इथं या अपघातातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट येते. पीटरसन ज्या विमानांवर शिकला होता त्या सगळ्यांत नेहमीचं कृत्रिम क्षितिज होतं: एक चिमुकलं विमान आणि मागे क्षितिजाची आडवी पट्टी, जणू आपण आपल्याच विमानाकडे मागून पाहतो आहोत. या बोनान्झात स्पेरी एफ-३ नावाचं यंत्र होतं. त्यात चिमुकल्या विमानामागे एक गोळा फिरे, आणि नाक वर की खाली हे तो नेमकं उलट दाखवी. दिवसाउजेडी, सवड असताना हे दहा मिनिटांत ध्यानात येईल. काळोखात, हिसके बसत असताना, कान वेगळंच सांगत असताना, बोटं आणि डोळे जुन्याच सवयीनं चालतात. तपास करणाऱ्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डानं अहवालात शक्यता मांडली ती हीच: वैमानिकाला आपण वळत वळत वर चढतो आहोत असं वाटत असेल, आणि प्रत्यक्षात तो वळत वळत खाली येत असेल.

बोर्डानं मुख्य दोष वैमानिकाच्या निर्णयाला दिला. यंत्रांवरच उडावं लागेल अशा रात्री, त्याची पात्रता नसताना, तो निघाला. हवामानाची अपुरी माहिती आणि अनोळखी यंत्र ही पूरक कारणं. निकाल बरोबर आहे, आणि तरी मला तो थोडा कडक वाटतो. एकवीस वर्षांचा मुलगा, मध्यरात्र, समोर गाजलेले गायक, बाजूला मालक, आणि हवामान कक्षातून मिळालेलं ‘जाता येईल’ असं चित्र. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण होतं, पण ते त्याच्या एकट्याच्या पोटात होतं: मी त्या परीक्षेत नापास झालो आहे.

लोकांना मात्र इतकं साधं कारण पचत नाही. शेतात पुढे हॉलीचं पिस्तूल सापडलं, आणि विमानात गोळी चालल्याची वदंता पसरली. २००७ साली रिचर्डसनच्या मुलानं वडिलांचे अवशेष उकरून तज्ज्ञाकडून तपासून घेतले. गोळीचा मागमूस नव्हता, आघातात मोडलेली हाडं तेवढी होती.

शरीराचा हा खोटेपणा फक्त लहान विमानांना आणि कच्च्या वैमानिकांना छळतो असं समजण्याचं कारण नाही. मुंबईकरांच्या एका पिढीला १ जानेवारी १९७८ ची रात्र आठवत असेल. सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट वांद्र्याच्या किनाऱ्यावरून पुढे गेलं आणि दोन मिनिटांच्या आत समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. हवामानाचा दोष नव्हता, पण किनारा मागे पडल्यावर पुढे काळा समुद्र आणि काळं आकाश. क्षितिज नाही. उजवीकडचं छोटंसं वळण संपलं तरी कप्तानासमोरचं कल दाखवणारं यंत्र उजव्या कलावरच अडकून राहिलं. विमान सरळ होतं, कप्तानाला ते कललेलं दिसलं, म्हणून त्यानं ते डावीकडे वळवलं, आणखी वळवलं, नव्वद अंशांच्याही पुढे. त्याच्याकडे सुमारे १८ हजार तासांचा अनुभव होता. पीटरसनच्या यंत्रानं खरं सांगितलं आणि ते उलटं वाचलं गेलं असावं. इथं यंत्रच खोटं बोललं. दोन्हीकडे कान मात्र गप्प बसला.

त्यानंतर एकवीस वर्षांनी, १६ जुलै १९९९ च्या संध्याकाळी, जॉन एफ. केनेडी यांचा मुलगा स्वतःचं पायपर साराटोगा विमान घेऊन पत्नी आणि मेहुणीसह मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाला. अनुभव सुमारे ३१० तास. समुद्रावर धुरकट झाकळ, रात्र पडलेली. यंत्रांवर उडण्याचं शिक्षण तो घेतच होता. रडारवरच्या नोंदींत शेवटी दिसतं ते उजवीकडचं आवळत जाणारं वळण आणि मिनिटाला चार हजार सातशे फुटांहून जास्त वेगाची घसरण. चाळीस वर्षांत विमानं बदलली, यंत्रं सुधारली, कान तोच राहिला.

इलिनॉयच्या त्या प्रयोगाचा आकडाच सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण तो प्रयोग माणसं किती लवकर हरतात हे मोजण्यासाठी केलेला नव्हता. चुकून ढगात शिरलेल्या साध्या वैमानिकाला मागे कसं वळवावं याची एक रीत शिकवून पाहायची होती. ती रीत शिकवल्यावर त्याच लोकांनी जवळजवळ प्रत्येक वेळी विमान सुखरूप बाहेर आणलं. रीत अशी: चाकं खाली सोडायची, म्हणजे हवेच्या अडथळ्यानं वेग आवरतो. इंजिनाची ताकद ठरलेल्या आकड्यावर आणायची. तोल सांभाळणारी कळ ठरलेल्या खुणेवर ठेवायची. आणि मग सुकाणूवरचे दोन्ही हात काढून घ्यायचे. बोनान्झाला आपल्या परीनं सरळ उडता येतं, घोटाळा होतो तो हात ओढतात म्हणून. वळायचं ते पावलांनी, रडर हलके दाबून, नजर वळण दाखवणाऱ्या काट्यावर आणि घड्याळावर. नेहमीच्या बेतानं, सेकंदाला तीन अंश वळत, पूर्ण मागे फिरायला साठ सेकंद लागतात.